घाटाआधीची सावली

मे महिना लागला, शाळांचे निकाल हातात पडले आणि लगीनसराईत एखादा दिवस मोकळा सापडला, की रहिमतपुरात घरोघरी एकच बेत शिजतो. पहाटे निघायचे, ऊन चढायच्या आत घाट चढायचा, महाबळेश्वर करायचे आणि रात्री उशिरा परतायचे. आदल्या रात्री धपाटे भाजून ठेवले जातात, पाण्याचा जार डिकीत जातो आणि आजीला पुढच्या सीटवर बसवायचे की मागच्या, यावर अर्धा तास खल होतो. अंतर म्हणाल तर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. पण एवढ्या वाटेत मुलूख जितका पालटतो, तितका पालटलेला पाहायला इतरत्र दिवसभर गाडी हाकावी लागते.

याला कारण पाऊस. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो. पाचगणीला पोचेपर्यंत तो तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि पसरणीचा घाट उतरून वाईला आले की आठशेच्या आसपास उरतो. कोरेगाव, रहिमतपूर म्हणजे त्याच्याही पूर्वेला. इथून पुढे खटाव-माणचा दुष्काळी पट्टा सुरू होतो. ढग पश्चिमेकडून येताना जे सांडत सांडत येतात, ते गाडी उलट दिशेने गोळा करत जाते. सकाळी पुलावरून जी कृष्णा ओलांडायची, दुपारी तिच्याच उगमाशी, जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात, ओंजळ धरायची. सुमारे चौदाशे किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळणाऱ्या नदीचे पहिले पाणी रहिमतपूरकराला एका सकाळच्या अंतरावर आहे. उन्हाळ्यातली याहून देखणी सफर दक्षिण महाराष्ट्रात शोधावी लागेल.

मात्र परत आलेल्यांना विचारावे, सगळ्यात गार कुठे वाटले? वेण्णा तलावाचे नाव निघत नाही. तिथे गाडी लावायलाच तास गेलेला असतो. मॅप्रोच्या बागेचे निघत नाही, तिथे रांग होती. एखाद्या पॉइंटचेही निघत नाही, कारण बाराच्या उन्हात दरी पांढरी पडलेली असते आणि फोटोत सगळ्यांचे डोळे मिटलेले येतात. मग आजी सांगते, “वाईच्या अलीकडं गाडी थांबवली होती की रे, त्या वडाखाली. तिथं.”

आजीचे उत्तर बरोबर आहे. या साऱ्या सफरीत उन्हाळ्यावरचा खरा इलाज तोच होता, आणि नेमका तोच रस्तारुंदीच्या नकाशात अडथळा म्हणून दाखवला जातो.

साताऱ्याहून वाईला जाणारे बहुतेक जण पाचवडला महामार्ग सोडतात. ज्याला घाई नाही, त्याने तसेच भुईंजवरून पुढे सुरूरला जावे आणि तिथून डावीकडे वाईकडे वळावे. दहा-पंधरा मिनिटे जास्त लागतील. पण महामार्गाचा तव्यासारखा तापलेला पट्टा सोडून वडांच्या रांगेत गाडी शिरते, तेव्हा काच खाली करावीशी वाटते. दोन्ही बाजूंचे वड वर एकमेकांत मिसळलेले. बुंध्यांवर गेरू आणि चुन्याचे पट्टे. खाली लोंबणाऱ्या पारंब्या मधोमध मात्र एसटीच्या टपाच्या उंचीवर सरळ रेषेत तुटलेल्या, जणू कुणी पट्टी लावून छाटल्यात. वर्षानुवर्षे जाणाऱ्या गाड्यांनीच ती छाटणी केली आहे. मे महिन्यात वडाला नवी, तकतकीत पालवी आलेली असते. लाल फळांवर तांबट पक्ष्याचे ठोके चालू असतात आणि नजर बसली तर हरियालांचा थवाही सापडतो. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. तो सहसा जमिनीवर उतरत नाही, अशा फळझाडांवरच त्याचा संसार. खाली रसवंतीचे घुंगरू वाजत असते, कलिंगडाच्या फोडींवर ओले फडके पडलेले असते. रसाचा धंदाही त्याच बुंध्याखाली जमतो, जिथे सावली दाट. पाच पावले पलीकडे उन्हात कुणी गाडा लावत नाही.

ही झाडे आपोआप उगवलेली नाहीत. वड रानात कुठेही रुजतो हे खरे, पण रस्त्याच्या दोन्ही कडांना समान अंतरावर, एकाच वयाचे, एका ओळीत रुजत नाही. ती कुणीतरी लावली, पाणी घालून जगवली, शेळ्यांपासून राखली. रस्त्याला सावली असावी ही कल्पना आपल्याकडे किमान सव्वादोन हजार वर्षे जुनी. माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांवर वड लावले, असे सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात नोंदवून ठेवले आहे. पुढच्या राज्यकर्त्यांनी, संस्थानिकांनी आणि इंग्रजांच्या बांधकाम खात्यानेही तो शिरस्ता चालवला. बैलगाडीचा वेग ताशी चार-पाच किलोमीटर. त्या वेगाने वाई गाठायची तर सावली ही चैन नव्हती. ती नसेल तर बैल बसतील. महाबळेश्वरला जाणारे मुंबई-पुण्याचे पाहुणे एके काळी रेल्वेने वाठार स्टेशनला उतरत आणि तिथून टांग्याने वाईमार्गे वर जात. रहिमतपूर स्टेशन ज्या पुणे-मिरज लोहमार्गावर आहे, त्याच मार्गावरचे हे वाठार. टांग्याच्या घोड्यालाही झाड लागेच.

झाडांची देखभाल करणारा माणूसही नेमलेला असे. त्याला मैलकुली म्हणत. ठरावीक मैलांचा रस्ता त्याच्या ताब्यात. खड्डा बुजवायचा, गटार मोकळे करायचे, नव्या रोपाला काटेरी कुंपण घालायचे, पाणी द्यायचे, पावसाळ्यानंतर बुंध्याला गेरू-चुना लावायचा. रस्त्याकडेच्या आंब्या-चिंचांचा लिलाव व्हायचा आणि त्याचे पैसे सरकारात जमा व्हायचे. म्हणजे झाड हे रस्त्याच्या हिशेबात जमेच्या बाजूला होते. आता मैलकुली दिसत नाही. रस्ता ठेकेदाराकडे गेला आणि झाड खर्चाच्या बाजूला गेले : तोडणी, वाहतूक, बुंधे काढणे.

रहिमतपूरच्या माणसाला उन्हाळ्यावरच्या जुन्या बांधकामांचे अप्रूप नवे नाही. गावातच रणदुल्लाखानाची कबर आणि मशीद आहे. मोहम्मद आदिलशहाच्या काळातला हा विजापूरचा सरदार. त्या वास्तूजवळ पाणी उंचावर चढवण्यासाठी बांधलेला मनोरा आहे, उंची सुमारे पन्नास फूट. मोट ओढणाऱ्या जनावरांसाठी त्याला एका अंगाने उतरण बांधली आहे. १८८५च्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्याचे वर्णन आले आहे. कमंडलू नदीकाठच्या या गावात साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी विचार केला, की उन्हाळ्यात पाणी वर चढवले पाहिजे, आणि त्यासाठी दगडात खर्च केला.

तसेच वाटेवरचे लिंब. साताऱ्याहून वाईकडे जाताना महामार्गापासून जरा आत, लिंब-शेरीत बारा मोटांची विहीर आहे. १७१९ ते १७२४ या काळात, छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधली. विहीर कसली, जमिनीखालचा वाडाच. जिना उतरून आत शिरले की बाहेरच्या उन्हाचा मागमूस राहत नाही. आतल्या दालनात भिंतीला टेकून बसले तर पाठीला दगड गार लागतो. तिचे पाणी मुख्यतः आमराईसाठी होते, असे सांगतात. म्हणजे अठराव्या शतकातल्या एका बाईने झाडांसाठी विहीर बांधली, आणि ती विहीर आज जिल्ह्याचे भूषण म्हणून पर्यटकांना दाखवली जाते. पाटी आहे, फोटो आहेत, शाळांच्या सहली येतात.

आता प्रश्न असा, की रणदुल्लाखानाचा मनोरा वारसा, वीरूबाईंची विहीर वारसा, मग सुरूर-वाईचा वड वारसा का नाही? तिन्ही माणसांनी हेतूने उभे केले. तिन्ही उन्हाळ्यासाठी. फरक एवढाच, की मनोऱ्याचे आणि विहिरीचे काम कधीच थांबले, वड अजून कामावर आहे.

कायद्यात वारसा वृक्ष ही संज्ञा आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१मध्ये झाडांच्या संरक्षणाच्या १९७५च्या अधिनियमात दुरुस्ती केली आणि पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षे वयाच्या झाडाला हा दर्जा दिला. असे झाड तोडावेच लागले तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. पाऊल चांगलेच. पण अधिनियमाचे नाव नीट वाचावे : महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. नागरी क्षेत्र! रहिमतपूर नगरपालिकेच्या हद्दीतला शंभर वर्षांचा वड कायद्याने वारसा. हद्दीचा दगड ओलांडून पुढे शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावरचा तेवढ्याच वयाचा वड नुसते झाड. जुन्या वडांच्या रांगा मात्र असतात त्या गावाबाहेरच्या रस्त्यांवरच. शहरात आठ-दहा झाडे, बाहेर मैलोन्‌मैल. ज्या जागेसाठी हे संरक्षण सगळ्यात जास्त हवे होते, तीच जागा कायद्याने कंसात घालून वगळली. विधिमंडळाने ‘नागरी क्षेत्र’ या दोन शब्दांचा एकदा फेरविचार करावा.

अभियंत्यांची बाजू खोटी नाही. वाहने वाढली, रस्ते तेवढेच. मे महिन्यातल्या रविवारी पसरणीच्या घाटात अडकलेल्या माणसाला झाडांवर व्याख्यान नको असते, पुढची गाडी हलायला हवी असते. झाडावर आदळून दुचाकीस्वार दगावतात हेही खरे. गाडी कठड्याला घासली तर जीव वाचतो, वडाच्या बुंध्यावर वाचत नाही. पावसाळ्यात फांदी कोसळते. गावातल्या ज्या घरातला माणूस असा गेला, त्या घरापुढे सावलीचे गोडवे गाणे बरे दिसणार नाही.

पण यावर उपाय करवतीपाशी सुरू होऊन करवतीपाशीच संपतो, असे मात्र नाही. जुना झाडांचा रस्ता एका दिशेच्या वाहतुकीला ठेवून दुसऱ्या दिशेसाठी झाडांच्या पलीकडे नवा रस्ता काढता येतो. मग एका बाजूची रांग आपसूक दुभाजकात येते. जमीन जास्त संपादित करावी लागते, हे कबूल. वळणावरची, दृष्टीआड करणारी चार झाडे हलवावी लागतील, बाकीची चाळीस राहतील. वड हलवता येतो. अभिनेते सयाजी शिंदे याच जिल्ह्याचे. त्यांच्या सह्याद्री देवराईने रस्त्याच्या कामात सापडलेले जुने वड मुळासकट उचलून दुसरीकडे जगवून दाखवले आहेत. आणि एवढे काही जमत नसेल तर निदान बुंध्याला खेटून काँक्रीट तरी ओतू नये. मुळांचा श्वास आणि पाणी दोन्ही तोडायचे, झाड वाळले की ‘धोकादायक’ अशी नोटीस लावायची आणि मग नियमानुसार तोडायचे, हा प्रकार पाहिला की वाटते, सरळ करवत बरी.

पुणे-सातारा मार्गाचे काय झाले ते मध्यमवयीन माणसांच्या डोळ्यांसमोर आहे. चौपदरी झाला, मग सहापदरीचे काम निघाले. दोन्ही बाजूंचे वड गेले आणि दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल आली. कण्हेर समोरच्या गाडीच्या दिव्यांची तिरीप अडवते, तिचे काम तेवढेच. तिच्या सावलीत फार तर सरडा बसेल. हवा चाळिशीला टेकली की डांबर साठ अंशांच्या आसपास तापते; पंक्चर काढायला थांबलेल्या माणसाने टायरला पाठ टेकून पाहावे. गाडीतला एसी आतल्यांची सोय करतो. मोटरसायकलवरचा दूधवाला, सायकलवरची शाळकरी मुलगी, मेंढ्या घेऊन चाललेला धनगर, पंढरीच्या वाटेवरचा वारकरी यांची सोय फक्त झाड करते. सावलीकडे निसर्गप्रेमी मंडळींचा हळवा विषय म्हणून पाहिले जाते ते म्हणूनच चुकीचे आहे. ज्याच्याकडे काच वर करायची सोय नाही, त्याचा तो रोजचा प्रश्न आहे.

नव्या लागवडीत हमखास गुलमोहर येतो. साताऱ्याचे गुलमोहरावर प्रेमच आहे. १ मे रोजी या शहरात गुलमोहर दिन साजरा होतो, चित्रकार रस्त्यावर बसून रंगवतात, कवी कविता म्हणतात. कौतुकाची गोष्ट आहे, आणि ऐन उन्हात फुललेला गुलमोहर पाहून ज्याला बरे वाटत नाही त्याचे काही खरे नाही. पण हे मादागास्करचे झाड डोळ्यांसाठी. लाकूड ठिसूळ, वाऱ्यात फांदी मोडते, आणि उन्हाळा तापायला लागतो तेव्हा निम्मे झाड पानाविना उभे असते. डोक्यावर छप्पर हवे तर वड, चिंच, करंज, जांभूळ. फुलांसाठी एखादा गुलमोहर मध्ये खुशाल असावा.

वाईच्या पुढे पसरणी लागते. राज्यगीत ज्यांच्या आवाजात घरोघरी पोचले ते शाहीर साबळे इथले. घाटाच्या वळणांवर मागे वळून पाहिले की धोम धरणाचे पाणी, मेणवलीकडचा कृष्णाकाठ आणि पांडवगड एका नजरेत येतात. वर पाचगणीत सिल्व्हर ओक उभे. साहेबांच्या वस्तीसाठी लावलेले ते ऑस्ट्रेलियन झाड आता इथलेच झाले आहे. पाचगणी ते महाबळेश्वर या एकोणीस-वीस किलोमीटरच्या रस्त्याला जंगलाचे छप्पर आहे. ते टिकले याचे श्रेय २००१ साली केंद्राने हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, त्याला बऱ्याच अंशी द्यावे लागते. नियम जाचक आहेत अशी ओरड स्थानिकांची असते. घराला खोली वाढवायची तरी फायली फिरवाव्या लागतात, ही तक्रार रास्तच. पण ज्या थंडीवर तिथली सगळी बाजारपेठ उभी आहे, ती त्या झाडांचीच.

परतीला बरेच जण केळघर घाटाने मेढ्यावरून साताऱ्याला उतरतात. हा रस्ता शांत, वाटेत पानांच्या द्रोणात करवंदे घेऊन बसलेल्या बायका, एखाद्या वळणावर जांभळाची टोपली. द्रोण विकत घेतला की वरची चार करवंदे कच्ची निघतात, खालची गोड. कुठेही घ्या, हाच हिशेब. इथे डोंगराच्या बाजूने रस्ता कापलेला दिसतो तिथे जरा नजर टाकावी. २२ जुलै २०२१च्या सुमारास चोवीस तासांत महाबळेश्वरला जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस झाला. रहिमतपूर भागात साधारण वर्षभरात जेवढा पडतो, तेवढा एका दिवसात. त्या पावसात जिल्ह्यात दरडी कोसळल्या, पाटण तालुक्यात आंबेघर आणि मीरगावात माणसे गाडली गेली, घाटरस्ते तुटले. एवढ्या पावसात झाडे असलेला उतारही सुटू शकतो. पण रुंदीसाठी पायथा उभा कापायचा, वरची मुळे उघडी पाडायची आणि मग पावसाची वाट पाहायची, हा मेमधला उद्योग जुलैत अंगाशी येतो, हे दरडी उपसणाऱ्या जेसीबीवाल्यालाही ठाऊक असते.

कोयनेच्या खोऱ्यात आता नवे महाबळेश्वर होऊ घातले आहे. सातारा, जावळी, पाटण या तालुक्यांतल्या २३५ गावांचा आराखडा रस्ते विकास महामंडळाकडे सोपवला गेला. तिथे रस्ते येतील, रुंद येतील. त्या रस्त्यांच्या अंदाजपत्रकात झाडांची ओळ पहिल्या दिवसापासून धरली आहे की नाही, एवढे जरी कुणी आमदाराने विचारले तरी पुरे.

सफरीत अजून एक थांबा घालता येतो, आणि तो कुणाच्याच यादीत नसतो. पाचवडहून कुडाळकडे जाताना वैराटगडाच्या पायथ्याशी म्हसवे नावाचे गाव आहे. वडामुळे त्याला ‘वडाचे म्हसवे’ म्हणतात. १८८२ साली ली वॉर्नर या इंग्रज अधिकाऱ्याने इथला वड मोजून घेतला : घेर १५८७ फूट, उत्तर-दक्षिण ५९५ फूट, पूर्व-पश्चिम ४४२ फूट. झाड नव्हे, गावठाणच. वडाचा तो पसारा आता उरलेला नाही. विस्कटलेल्या तुकड्यांतून जुन्या घेराचा अंदाज बांधावा लागतो. तरी तिथे दुपारी बसले तर कळते, की एकाच झाडाखाली एक आख्खी जत्रा कशी मावत असेल.

वड लावायला रोपवाटिका लागत नाही. मनगटाहून जाड, दीड पुरुष उंचीची फांदी मृगाच्या तोंडावर खड्ड्यात रोवली, तर ती फुटते. आणि तेवढ्या उंचीवर शेळीचे तोंड पोचत नाही. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी आणि भोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण एवढीच त्याची मागणी. ज्येष्ठी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाजारात वडाच्या डहाळ्यांचे ढीग येतात, पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी त्या कचऱ्याच्या गाडीत जातात. रहिमतपूर, कोरेगाव, वाईच्या ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी यंदा डहाळ्यांऐवजी अशा रोवायच्या फांद्या रस्त्याकडेला उभ्या कराव्यात. पूजेला जागाही होईल.

आणि बांधकाम खात्याला एक विनंती. रुंदीकरणाच्या निविदेवर सही करण्याआधी संबंधित उपअभियंत्याने मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, एसी बंद करून, आधी महामार्गाने आणि मग सुरूरहून वाईला एकदा जाऊन यावे. शक्य असेल तर दुचाकीवरून.